वऱ्हाडची खबरबात आणि मधला माणूस

पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आठवत असेल. कोणी वारल्याची बातमी लिहिलेल्या कार्डाचा एक कोपरा लिहिणारा फाडून टाकी, आणि असे कार्ड वाचून झाले की ते घरात ठेवीत नसत. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाचे बोट, तसा मृत्यूच्या पत्राला हा फाटका कोपरा. ज्याला अक्षर येत नसे त्यालाही एवढे वाचता येई. परंतु ज्याच्या हातून ते कार्ड येई त्या पोस्टमनाने ते आधीच पाहिलेले असे. आणि दाराशी पोचेपर्यंत, हे कोणाच्या हाती द्यावे, याचा त्याने मनाशी विचार केलेला असे. घरात बाळंतीण असेल तर शहाणा पोस्टमन ते कार्ड घरी न देता घरधन्याच्या दुकानावर नेऊन देई.

आज मला बोलायचे आहे ते या मधल्या माणसाविषयी. इंटरनेट आले, मोबाइल आला, व्हॉट्सॲप आले. त्यामुळे माणसे जवळ आली की दुरावली, हा वाद आपण रोज ऐकतो. तो क्षणभर बाजूला ठेवू. वऱ्हाडापुरते पाहिले तर निरोपाचा वेग गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा वाढला आहे. आगगाडीने वाढला, तारेने वाढला, टेलिफोनाने वाढला. निरोप आणणारा माणूस मात्र या सर्व काळात दोघांच्या मध्ये उभाच होता. तो मधून निघून गेला तो अगदी आपल्या डोळ्यांदेखत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे गाडी धावली, आणि पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशात कोठेही जाऊ लागले. तोवर हरकारे होते, कासीद होते, सावकारांच्या पेढ्यांचे जासूद होते. पण ते सरकारचे आणि सावकारांचे. तारखातेही १८५४ मध्येच लोकांना खुले झाले. रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा असे करीत १८६७ मध्ये नागपूरला भिडले. खुद्द अमरावती मुख्य मार्गावर आली नाही, तिला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. आणि बाहेरगावचा पाहुणा मध्यरात्री बडनेऱ्यास उतरून अमरावतीची वाट विचारतो हा प्रकार तेव्हापासून सुरू आहे.

हे सर्व आपल्या सोयीसाठी झाले अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर करावी. ते कापसासाठी झाले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला आणि १८७० मध्ये मुंबई-लंडन समुद्री तार सुरू झाली. आता लिव्हरपूलचा भाव खामगाव, अकोला, अमरावती येथील पेढ्यांवर महिन्याऐवजी दिवसांत कळू लागला. परंतु कळू लागला कोणाला? जो कास्तकार रात्रभर बंडी हाकून बाजारात आला त्याला नव्हे. तार अडत्याच्या खिशात असे, आणि सौदा होई रुमालाखाली, बोटे दाबून. कास्तकार फक्त अडत्याच्या चेहऱ्याकडे पाही. पुढे १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार आणि १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील इतर कापूस व धान्य बाजार सरकारी नियमाखाली आले, ते याच अंधारातील व्यवहारामुळे. म्हणून मधल्या माणसाचे गोडवे गाण्यासाठी मी उभा राहिलो आहे असे समजू नका. कार्ड घेऊन दुकानावर जाणारा पोस्टमन जसा मधला माणूस, तसाच रुमालाखालचा हातही मधलाच.

घराघरांत निरोप शिरला तो कार्डाबरोबर. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. १८८० पासून डाकघराची मनीऑर्डर सुरू झाली. पैशात कार्ड मिळू लागले तरी ते लिहिणार कोण? १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभरांत अठराच माणसे साक्षर निघाली, आणि त्यांत बायका फारच थोड्या. तेव्हा लिहायला शाळेचा मास्तर आणि वाचायलाही मास्तर, नाहीतर पोस्टमन. ‘काय लेह्यलं जी मास्तर, पोट्ट्यानं?’ असे म्हणून म्हातारी ओट्यावर बसली, की मास्तर प्रथम कार्ड मनात वाची. मग मोठ्याने वाची. या दोन वाचनांत पुष्कळदा फरक असे. मुंबईच्या गिरणीत मुलाचे काम सुटले असेल तर ते शेवटी आणि हलक्या आवाजात येई. आधी ‘तुझी आठवण काढतो’ हे येई, मग ते पत्रात असो वा नसो.

या व्यवस्थेत माया होती तशी कोंडीही होती, आणि ती कोंडी बायकांच्या वाट्याला अधिक आली. अचलपूरकडे दिलेली मुलगी अकोटास आईला काय कळविणार? कार्ड सासरा आणून देणार, दीर लिहिणार, माहेरी मास्तर वाचणार, आणि मजकूर उघडा असल्यामुळे वाटेतला कोणीही पाहणार. म्हणून प्रत्येक कार्डात ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत’ आणि शेवटी ‘लोभ असावा’. आईने जे ओळखायचे ते न लिहिलेल्यावरून. या पिढ्यांची जी पत्रे जुन्या पेट्यांतून निघतात ती वाचून त्या काळी सगळे सुखरूप होते असा निष्कर्ष इतिहासकाराने काढला तर तो फसेल. २ ऑक्टोबर १९५० पासून निळे अंतर्देशीय पत्र मिळू लागले आणि चार बोटांच्या डिंकाने थोडा आडोसा दिला. पण लिहिता येणाऱ्यालाच.

तारेची गोष्ट निराळी. तिचे शब्द मोजून पैसे पडत, म्हणून सामान्य घरात ती आली की वाचण्यापूर्वीच रडणे सुरू होई. लोकमान्य टिळक मंडालेस असताना जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्याची बातमी त्यांना तारेनेच पोचली; एरवीची त्यांची पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. त्याच शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी आपले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये विलायतेस गेले आणि १९१० मध्ये परतले. दोन वर्षे! विलायतेची डाक आठवड्यातून एकदा निघे आणि पंधरवड्याने पोचे. प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत महिना उलटे. एवढ्या अवधीत माणूस रागावतो, शांत होतो आणि पुन्हा विचार करतो. खापर्ड्यांसारखा माणूस रोजनिशी नेमाने लिहीत असे त्याचे नवल वाटू नये. ज्याला लगेच सांगता येत नाही तो लिहून ठेवतो.

तारेत एक गंमतही होती. शुभेच्छांची ठराविक वाक्ये छापलेली असत आणि प्रत्येकास क्रमांक असे. आपण क्रमांक द्यायचा, पलीकडे वाक्य उमटायचे. रोज सकाळी तयार फुलांची आणि सुविचारांची चित्रे धाडणाऱ्यांना जे हसतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. १४ जुलै २०१३ रोजी शेवटच्या तारा घेतल्या गेल्या आणि ते खाते मिटले.

टेलिफोनाचा काळ मी लवकर आटोपतो, कारण तो वऱ्हाडातील बहुसंख्य घरांत स्वतःच्या यंत्राच्या रूपाने फार उशिरा आला. ट्रंक कॉल लावून दिवसभर बसणे हे डॉक्टर-वकिलांचे सुख. सामान्य माणसाचा टेलिफोन म्हणजे १९८० नंतरच्या दशकाअखेर चौकाचौकांत निघालेले पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ. रात्री दर उतरत, म्हणून जेवणे आटोपून लोक रांगेत उभे राहत. काचेच्या खोलीतला आवाज रांगेला ऐकू येई. आणि पुण्याहून मुलाचा फोन आला तर बूथवालाच कोणाला तरी सायकलीवर पिटाळी. पोस्टमनाची जागा त्याने घेतली होती. मग मोबाइल आला. आलेल्या फोनाचे पैसे पडणे २००३ मध्ये बंद झाले आणि मिस कॉलचे युग सुरू झाले: एक वाजली म्हणजे पोचलो, दोन वाजल्या म्हणजे तू कर. १८४० पूर्वी इंग्लंडातले गरीब लोक नॉटपेड पत्राच्या बाहेरच खूण करीत आणि घेणारा ती पाहून पत्र परत करी, त्याचाच हा अवतार.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे घडले त्याला पूर्वीचा दाखला नाही. वाचता न येणारी बाई बटण दाबून बोलू लागली आणि तिचे बोलणे तिच्याच आवाजात मुलीच्या कानी पोचू लागले. मास्तर नाही, दीर नाही, बूथवाला नाही. शेताच्या धुऱ्यावर बसून सासुरवाशीण आईशी बोलते, तोंड पाहते, रडते, आणि डोळे पुसून कापूस वेचायला जाते. ज्यांना या साधनांत फक्त बिघाड दिसतो त्यांनी अकोटच्या त्या आईला विचारून पाहावे. कास्तकारालाही न्यूयॉर्कचा कापसाचा भाव आता अडत्याइतक्याच लवकर दिसतो. त्या भावाने त्याचा कापूस विकला जात नाही ही गोष्ट वेगळी.

सर्वांना मात्र हे मिळालेले नाही. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. २०१९ च्या निवडणुकीत तेथील सोयी खऱ्या किती आणि जाहिरातीतल्या किती यावर मोठा वाद झाला. जाहिरात आधी पोचते, तारा मागून.

परंतु मास्तर गेला त्याबरोबर त्याचे पहिले, मनातले वाचनही गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांच्या बातम्या, त्यांत खऱ्या होत्या तशा खोट्याही, हातोहात फिरल्या. १२ तारखेला अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. १३ तारखेच्या बंदमध्ये पुन्हा दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट तोडले गेले. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली, एक जीव गेला, आणि तेथेही इंटरनेट थांबविण्यात आले. त्रिपुरा येथून किती दूर! पूर्वी ती बातमी वर्तमानपत्राच्या संपादकाच्या, मग वाचनालयातल्या चार शंकेखोर म्हाताऱ्यांच्या हातून गावात उतरली असती. ते सर्व शहाणे होते असे मी म्हणत नाही. पूर्वीही अफवांनी दंगली झाल्याच आहेत. पण अफवेला चालत यावे लागे, आणि वाटेत तिला कोणीतरी ओळखीचा माणूस भेटे.

येथे इतिहासाने केलेली एक थट्टा सांगितल्यावाचून राहवत नाही. असे इंटरनेट तोडण्याचे त्या वेळी लागू असलेले नियम २०१७ मध्ये काढलेले होते, आणि ते ज्या कायद्याखाली काढले तो १८८५ चा तारांचा कायदा. तार मरून आठ वर्षे झाली होती. तिचा कायदा अमरावतीचे मोबाइल बंद करण्याइतका जिवंत होता. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला तेव्हा कोठे त्याला निरोप मिळाला.

मधला माणूस पुरता गेला असेही नाही. आपल्याला काय आधी दाखवायचे आणि काय मागे ठेवायचे हे निवडणारी यंत्रे परदेशी कंपन्यांच्या घरी आहेतच. ती पोस्टमनाहून अधिक वाचतात. घरात बाळंतीण आहे हे त्यांना ठाऊक असते, किंबहुना शेजाऱ्यांच्या आधी कळते. त्यावर ती तिला अंगड्या-टोपड्यांची जाहिरात दाखवितात, आणि तिच्या वडिलांच्या निधनाची बातमीही त्याच रांगेत सोडून देतात.

अशा बातम्या पुष्कळ घरांत पोचल्या आहेत. सकाळचे फूल, मग सरकीचा भाव, मग हार घातलेला फोटो. आणि लेकीला कळते ते चुलत दिराच्या स्टेटसवरून. म्हणून कित्येक कुटुंबांत आता कोणी न शिकविता एक रीत पडली आहे. मृत्यू झाला की घरातला एक जाणता माणूस सर्वांना सांगतो, ग्रुपवर कोणी काही टाकू नका. मग तो अंगणात जातो आणि एकेक फोन लावतो. मोठीला लावण्याआधी जावयाला लावतो, तुम्ही कुठे आहात, घरी आहात का, ती जेवली का, तिच्याजवळ कोणी आहे का, एवढे विचारून घेतो, आणि जावई घरी पोचेपर्यंत थांबतो.