चाल : मास्टर कृष्णराव आणि एका गीताची बाजू

मराठीत 'चाल' हा मोठा गमतीचा शब्द आहे. गाण्याला चाल असते आणि माणसालाही असते. राष्ट्रगीत निवडताना या दोन्ही चालींचा मेळ बसवावा लागतो. ते साध्या माणसाच्या गळ्याला पेललं पाहिजे आणि कवायतीच्या बँडवरही उभं राहिलं पाहिजे. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्या संगीतकारानं आपल्या उमेदीची कित्येक वर्षं हा मेळ बसवण्यात घातली.

पण सुरुवात थोडी लांबून, चीनमधून करू. कुनमिंग गावात १९१२ साली जन्मलेला न्ये अर हा तरुण संगीतकार. कवी तियान हान यांच्या शब्दांना त्यानं १९३५ मध्ये एका चित्रपटासाठी चाल दिली. 'स्वयंसेवकांचं कूचगीत' असं त्या गीताच्या नावाचं मराठी करता येईल. त्याच वर्षी जुलैत, जपानच्या किनाऱ्यावर पोहताना तो बुडाला. वय अवघं तेवीस. पुढे १९४९ मध्ये नव्या चीननं तीच चाल राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली. ते पाहायला संगीतकार नव्हता. कवी होते, पण सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात पडले आणि १९६८ मध्ये तिथेच वारले. त्या काळात देशभर चाल वाजत राहिली, त्यांचे शब्द मात्र गप्प केले गेले. मूळ शब्द परत यायला १९८२ उजाडलं.

आपल्याकडे साधारण त्याच सुमाराला उलट घडलं. संगीतकार हयात होता, चाल हातात घेऊन दिल्लीच्या दारात उभा होता, आणि ती स्वीकारली गेली नाही. ते म्हणजे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. आडनाव आपल्या मराठवाड्यातल्या फुलंब्रीचं, जन्म मात्र १८९८ चा, आळंदीचा. गुरू भास्करबुवा बखले. गुरूंच्या मागे गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. १९३१ चं 'कान्होपात्रा' त्यांचंच. मग ते प्रभात चित्रपटसंस्थेत गेले. पैठणच्या एकनाथांवरचा 'धर्मात्मा' १९३५ चा, 'माणूस' १९३९ चा. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा 'शेजारी' १९४१ चा. 'शेजारी'तलं समूहगान आठवून पाहा. मैफलीत एकट्याच्या तानेवर दाद घेणारा हा गवई अनेकांनी मिळून गायचं गाणंही तितक्याच ताकदीनं बांधत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्यांनी 'वंदे मातरम्'ला झिंझोटी रागात चाल लावली. रेडिओवर ते गायला मज्जाव झाला, तेव्हा त्यांनी रेडिओवर गाणंच सोडलं. आपल्या भागात याचं नवल वाटायला नको. निजामाच्या राज्यात १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी हेच गीत म्हटलं म्हणून त्यांना शिक्षणाला मुकावं लागलं. कित्येकांनी पुढे नागपूर विद्यापीठाची वाट धरली. देगलूरसारख्या सीमेवरच्या गावाला 'गाणं म्हटलं म्हणून शिक्षा' ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न आला. पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत निवेदन केलं. तारीख नीट पाहा. पोलीस ॲक्शनला अजून तीन आठवडे बाकी होते. दिल्लीत राष्ट्रगीताची चर्चा चालू होती आणि आपण अजून निजामाच्या अमलाखाली होतो. नेहरूंचं म्हणणं थोडक्यात असं : 'वंदे मातरम्'चा मान मोठा, तो राहीलच, पण राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, आणि या गीताची चाल बँडवर सहज बसत नाही, ती करुण वाटते. 'जन गण मन' मात्र १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वाजलं होतं आणि आवडलंही होतं.

आता कृष्णरावांनी काय केलं ते पाहा. आक्षेप संगीताचा होता, म्हणून त्यांनी उत्तरही संगीतातूनच दिलं. सामूहिक गायनाला सोपी, बँडवर वाजेल अशी चाल त्यांनी बांधली, पाश्चात्य पद्धतीची स्वरलिपी करून घेतली, आणि संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रत्यक्ष सादर केली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. वादात समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट समजून घ्यावा आणि मग उत्तर द्यावं, असं वर्गात सांगत आलो. इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला पुस्तकात क्वचितच सापडलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळे आक्षेप चालीचे नव्हते. गीतातल्या देवीच्या रूपकाबद्दल अनेक मुसलमानांची हरकत होती. म्हणून तर १९३७ मध्येच काँग्रेसनं सभांसाठी पहिली दोन कडवी तेवढी ठरवली होती. या हरकतीला झिंझोटीत उत्तर नव्हतं आणि कुठल्याच रागात नव्हतं. संगीतकार स्वतःच्या हद्दीतलं उत्तर देतो, त्यापलीकडचं त्याच्या हातात नसतं.

निर्णय २४ जानेवारी १९५० ला झाला : 'जन गण मन' राष्ट्रगीत, आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान. कृष्णराव हरले म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. ते रुसून बसले नाहीत. पुढे १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेला स्वर दिले. नाट्यपद, चित्रपटातलं समूहगान, राष्ट्रगीतासाठीची चाल आणि बुद्धवंदना, या सगळ्यांत एक धागा आहे. ज्यांनी कधी तंबोरा लावला नाही, अशा हजारो लोकांना एका सुरात कसं आणायचं, याच प्रश्नाचा ते पिच्छा पुरवत होते. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७४ मध्ये ते गेले.

न्ये अरची चाल देशानं घेतली, कृष्णरावांची नाही घेतली. यावरून दोघांत मोठं कोण हे ठरत नाही. आजही या गीतावरून वाद होतात. तेव्हा आवाज चढवण्याआधी एवढं आठवू या, की या गीतासाठी सगळ्यात जास्त झगडलेला माणूस आक्षेप ऐकून घरी गेला, पेटी पुढ्यात ओढली आणि चाल पुन्हा बांधायला बसला.