काळ्या कोटाची जाडी

जून 2024 मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने हाती घेतले होते. जमिनीत काही दगड वेगळे दिसले म्हणून तिथे उत्खनन झाले, तेव्हा आधी एका शिवमंदिराचा पाया उघडा पडला आणि मग 2.25 मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. 1.70 मीटर लांब, एक मीटर उंच, क्लोराइट शिस्ट या दगडातली. बुलढाण्याचा हा सारा मुलूख काळ्या बसाल्टचा. मूर्तीचा दगड बाहेरून आलेला.

25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजींची, मुलांची आणि नातवाची हत्या झाली. त्यांची समाधी आपण जाधवांच्या इतिहासाची खूण म्हणून पाहत आलो. तिच्या पायाशी त्याआधीचा काळ निजला होता, हे कोणत्याही नकाशावर नव्हते.

तेव्हापासून या गावच्या वास्तूंकडे पाहताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. राजवाडा, रंगमहाल, सावकारवाडा, काळाकोट, नीळकंठेश्वर, मोती तलाव यांबद्दल आपल्याला नक्की काय मोजून माहीत आहे?

काळाकोटाचेच घ्या. भिंत वीस फूट रुंद आणि तितकीच उंच, असे पुस्तकांत, फलकांवर, भाषणांत येते. पण तटाची भिंत पायथ्याशी रुंद आणि वर निमुळती होत जाते. बुरुजापाशी तिची जाडी बदलते. आतली आणि बाहेरची जमीन एका पातळीत नसते. ‘वीस फूट’ हे माप नव्हे, दबदब्याचे वर्णन आहे. दुरुस्तीसाठी दगड मागवायचा झाला तर ते काही कामाचे नाही.

इमारतीच्या डिजिटल प्रतिमानाची, म्हणजे ज्याला वास्तुरचनेच्या क्षेत्रात ‘बीआयएम’ म्हणतात त्याची, गरज इथे लागते. जुन्या वास्तूंसाठी त्याचा विचार डब्लिनच्या मॉरिस मर्फी यांनी 2009 मध्ये मांडला. आधी लेसर स्कॅनर आणि ड्रोनची छायाचित्रे यांतून कोट्यवधी बिंदूंचा ढग मिळतो. (छायाचित्रावरून मापे घेण्याची युक्ती जुनीच आहे. 1858 मध्ये वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउर पडता पडता वाचला, आणि जिवावरचे हे काम कॅमेऱ्यावर सोपवावे असे त्याच्या मनात आले.) पण बिंदूंचा ढग म्हणजे प्रतिमान नव्हे. तो भिंत, कमान आणि झुडूप सारखेच पाहतो. ही भिंत, ही कमान, हा नंतर घातलेला चुन्याचा दर्जा, हा परवाचा सिमेंटचा लेप, असे माणसाने ओळखून प्रत्येक भागाला दगड, काळ, पडझड, दुरुस्ती यांची माहिती जोडली की प्रतिमान तयार होते.

खरी कसोटी या ओळखण्याचीच आहे. दख्खनच्या तटांत बहुधा बाहेरून आणि आतून घडीव दगड असतात, मध्ये दगडगोट्यांची भर. स्कॅनर पृष्ठभागापलीकडे पाहत नाही. त्यामुळे भिंतीचे पोट ज्याने प्रतिमानात रंगवले, त्याने ते अनुमानाने रंगवले. आणि अनुमान मोजमापाच्याच रंगात रंगवले तर पाहणारा फसतो. संगणकाच्या पडद्यावर खोटी गोष्टही फार सुबक दिसते. काळाकोटाच्या आत दालने उभी करून त्यात दिवे लावणे कोणालाही जमेल. माझ्या मते तो मोह पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावा.

परंपरेलाही जागा हवी, पण परंपरा म्हणूनच. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊ ज्या दालनात जन्मल्या ते म्हाळसा महालाचे, आणि शहाजीराजांशी त्यांचे लग्न ठरले ते रंगमहालात रंगपंचमीला, असे गाव सांगते. प्रतिमानात दालनाला ही नोंद जोडावी, मात्र भिंतीच्या काळाच्या रकान्यात तिची तारीख भरू नये. दोन रकाने वेगळे असतील तर श्रद्धा आणि संशोधन यांची भांडणे निम्मी कमी होतील.

पॅरिसच्या नोत्र-दामचे उदाहरण नेहमी दिले जाते: अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये स्कॅन केले, एप्रिल 2019 मध्ये आग लागली, पुनर्बांधणीला ती नोंद उपयोगी पडली. आपल्याकडे आगीची वाट पाहावी लागत नाही. पिंपळाचे मूळ, पावसाचे पाणी आणि उत्साही डागडुजी हीच कामे मुकाट्याने करतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले; त्यांत विदर्भातला एकही नाही. या किल्ल्यांकडे निधी आणि नजरा वळणे साहजिक आहे. तेव्हा सिंदखेडराजाची नोंद आधी व्हायला हवी, आणि ती एखाद्या कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, ‘आयएफसी’सारख्या खुल्या स्वरूपात, जे 2013 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. नाहीतर वीस वर्षांनी फाइल असेल, ती उघडणार नाही.

सुरुवात समाधीपासून करावी. तिथे उत्खननाने चौथऱ्याखालची पातळी उघड झाली आहे. मंदिराचा पाया, समाधीचे दगड आणि मधली माती यांचे परस्परनाते एकदा मापात बांधून ठेवता येईल. काळाकोट दुसरा. त्याच्या तटाची जाडी दर दहा फुटांवर वेगवेगळी लिहावी, आणि आतली रिकामी जागा रिकामीच दाखवावी.