कारीचे दप्तर, जात्यावरच्या ओव्या

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत विद्येचे साठे दोन जागी होते. एक देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतल्या दप्तरांत, म्हणजे रुमालात बांधून फडताळात ठेवलेल्या मोडी कागदांत. दुसरा बायकांच्या तोंडी, पहाटे जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांत. दोन्ही साठे घराच्या उंबऱ्याआड राहिले. दप्तर वतनाचा पुरावा होते, म्हणून ते परक्याच्या हाती जात नसे. ओवी दळणाच्या वेळीच सुचे आणि म्हटली जाई, म्हणून ती पुरुषांच्याही कानी फारशी पडत नसे. हे साठे बाहेर कसे आले आणि आता इंटरनेटच्या जाळ्यावरून जगभर कसे उघडे झाले, हा या खोऱ्यांच्या शैक्षणिक इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे. शाळा आणि कॉलेज कधी निघाली, एवढ्यावर तो संपत नाही.

शिवकाळात हा मुलूख रोहिडखोरे, हिरडस मावळ, कानदखोरे, गुंजण मावळ अशा मावळांत विभागलेला होता. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे. त्यांचे गाव कारी, आजच्या भोर तालुक्यात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. घराण्याच्या दप्तरात एक शकावली होती: शक, महिना, तिथी आणि त्यापुढे घडलेली गोष्ट, अशा तुटक नोंदी. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ एवढा काळ तीत येतो. वर्णन नाही, अलंकार नाही. इतिहासकाराला असा कोरडेपणा सोन्यासारखा वाटतो, कारण तिथी पंचांगाशी ताडून पाहता येते.

कारीच्या दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुखांनी ही शकावली लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली. तोपर्यंत शिवजन्माची तिथी बहुधा वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी धरली जाई. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरला सापडलेल्या परमानंदाच्या शिवभारताने आणि राजस्थानातल्या एका कुंडलीने याच तिथीला दुजोरा दिला. वाद तरीही अनेक दशके चालला आणि शासनाने ही तारीख २००१ साली मान्य केली. एका घराने कागद हातून सोडला म्हणून साऱ्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकातली तारीख बदलली. छापल्यामुळे ती नोंद कोणालाही तपासता आली, खोडता आली, ताडता आली. खुल्या विद्येचे मर्म हेच आहे आणि ते संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. वि. का. राजवाडे १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने छापत होते. पुढे ते खंड बावीस झाले आणि त्यांत मावळच्या देशमुख घराण्यांचे कागदही आले. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. गावोगाव फिरणे, दप्तर मागणे, घरच्यांचा संशय दूर करणे, नक्कल करणे, सभेत वाचणे, छापणे आणि मूळ कागद परत करणे किंवा जतन करणे अशी ती साखळी होती. कागद देणारा, वाचणारा आणि छापणारा यांच्या विश्वासावर ती उभी होती. मात्र तिचे टोक पुण्यात संपत असे. ग्रंथ पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत राहिले. ज्या खोऱ्यातून कागद निघाले तिथल्या शाळकरी मुलापर्यंत ते क्वचितच पोहोचले.

ओव्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कागदच नव्हता. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, जात्याच्या खुंट्याला हात लावून बसल्या-बसल्या हे शिक्षण होई. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, सावकार, शेतातले कष्ट असे सगळे त्यात येई. पिठाची गिरणी आली, दळणाचे कष्ट सुटले. ते सुटायलाच हवे होते. पण जाते थांबले तशी ती शाळाही थांबली.

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामाबरोबर ओव्या गोळा करायला सुरुवात केली. संघटनेच्या कार्यकर्त्या बायकाच गावोगाव जाऊन ओव्या उतरवून घेत. लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्या दोघी एकाच मुलखातल्या होत्या, हे या संग्रहाचे मोठे बळ. पुढे बर्नार्ड बेल या संगीत-संगणक अभ्यासकाच्या मदतीने आवाज ध्वनिमुद्रित झाले आणि ओव्या संगणकात विषयवार लागल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव, तालुका नोंदवला गेला. पॉइटवाँ २००४ साली निवर्तले आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या, तोवर एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका एवढा हा साठा झाला होता. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पारी या संस्थेने मार्च २०१७पासून तो आवाज, छायाचित्रे आणि भाषांतरासह सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली.

नाव नोंदवण्याची ही गोष्ट लहान नाही. लोकगीत म्हटले की ते कोणाचेच नाही असे समजून उचलण्याची सवय जुनी आहे. ओवी सर्वांना मोकळी, पण गाणारीचे नाव तिच्यापासून न तोडता, ही रीत या संग्रहाने पाळली. ज्या बाईच्या हाती कधी पाटी आली नाही, तिचे नाव आज शिकवणारीच्या जागी आहे.

ओव्यांसारखेच छापील ग्रंथही जाळ्यावर खुले झाले. जुन्या पुस्तकांच्या मालकीहक्काची मुदत संपली. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तके स्कॅन झाली आणि त्यांतली पुष्कळशी आता कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. मराठी विकिपीडिया मे २००३मध्ये सुरू झाला. शेजारच्या वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश जाळ्यावर आला. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली आणि ती शिकवणारे वर्ग घरबसल्या करता येऊ लागले. रुमालातला कागद वाचता न येणाऱ्या वारसाला आता त्याचे छायाचित्र दूरच्या जाणकाराला दाखवून अर्थ विचारता येतो. राजवाडे ज्यासाठी मैलोगणती चालत, ते काम असे उलट दिशेनेही होऊ लागले आहे.

शाळेत हा बदल २०१५च्या आसपास दिसू लागला. जून २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून संगणक आणि पडदे आले. शिक्षक आपले धडे, चित्रफिती, सरावपत्रिका एकमेकांना पाठवू लागले. बालभारतीची पुस्तके फुकट उतरवता येऊ लागली, पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा मंचावरचे धडे उघडू लागले. डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेला याचे मोल शहरातल्या शाळेहून जास्त. एकाहून अधिक इयत्ता एकत्र बसवून शिकवणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्या तालुक्यातल्या सहकाऱ्याचा तयार धडा म्हणजे वर्गातला आणखी एक हात.

पण २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा जाळ्याची मर्यादाही उघडी पडली. पानशेत आणि वरसगाव जलाशयांच्या काठच्या, गडांच्या पायथ्याच्या वाड्यांसारख्या ठिकाणी डोंगर आडवा आला की फोनची रेंज जाते. अशा भागांत व्हॉट्सॲपवरच्या स्वाध्यायापेक्षा सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०मध्ये सुरू झालेली टिलीमिली ही मालिका अधिक सोयीची होती, कारण दूरदर्शनला डेटा लागत नाही.

दुसरा प्रश्न पटाचा. २०११च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी. त्यामुळे अनेक शाळांत मुले बोटांवर मोजण्याइतकी. लहान शाळा एकत्र करून पानशेतला समूह शाळा उभी राहिली आणि सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आयुक्तालयाने नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर तिचा दाखला राज्यापुढे ठेवला. समूह शाळेत साधने आणि सवंगडी मिळतात. पण वाडीतली शाळा गेली की गावातले एकमेव पुस्तकांचे कपाटही जाते आणि लहान मुलांना रोजचा प्रवास पडतो. जाळ्यावरचे धडे वाडीतच शाळा टिकवायला उपयोगी पडावेत की ती बंद करायला निमित्त व्हावेत, हा वाद अजून मिटलेला नाही. पहिली बाजू अधिक न्यायाची आहे.

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय मंजूर केला. तोवर गोळा झालेल्या ओव्या, शाळांचे तक्ते, स्कॅन झालेली पुस्तके या साऱ्यांत तालुका वेल्हे असाच आहे. यापुढे आपल्या पणजीची ओवी शोधणाऱ्या मुलीला दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागेल.