ग्रंथ राखण्याची विद्या

अजिंठ्याची चित्रे पाहून आलेली मंडळी पद्मपाणीविषयी भरभरून बोलतात. परंतु त्या चित्रांच्या नकलांचे काय झाले हे सहसा कोणी विचारीत नाही. वाघूर नदीच्या वळणावरची ही लेणी 1819 साली जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. पुढे पंचवीस वर्षांनी रॉबर्ट गिल नावाचा दुसरा लष्करी अधिकारी अजिंठा गावात मुक्कामाला आला. भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर उतरविण्यात त्याने वर्षांमागून वर्षे घालविली. त्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना दाखविण्यासाठी टांगल्या गेल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळून खाक झाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत जाऊ लागले. त्यांचे काम 1885 पर्यंत चालले. तयार नकला लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या गेल्या. 1885 साली तेथेही आग लागली आणि त्यांतलाही मोठा भाग गेला.

जवळ एखादा शिकलेला ग्रंथपाल असता तर आग लागलीच नसती, असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण निर्माण करणे ही एक विद्या आणि राखणे ही दुसरी विद्या, एवढे ह्या दोन आगींवरून ध्यानात येते. पहिली विद्या शिकविणाऱ्या शाळा तेव्हा जगभर होत्या. ग्रंथ राखण्याची आणि ते वाचकाच्या हाती पोहोचविण्याची विद्या शिकविणारी शाळा निघाली, ती दुसऱ्या आगीनंतर दीड-दोन वर्षांनी. जानेवारी 1887 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात मेल्व्हिल ड्यूई ह्यांनी ती काढली.

ह्या पहिल्या वर्गाची हकिगत मोठी मौजेची आहे. विद्यार्थी वीस, आणि त्यांतल्या सतरा मुली! कोलंबियाच्या विश्वस्तांना वर्गात मुली बसविणे मुळीच मंजूर नव्हते. त्यांनी खोली नाकारली, तेव्हा ड्यूईंनी रस्त्यापलीकडच्या एका अडगळीच्या जागेत वर्ग भरविला. दोन वर्षांत शाळेला आपले बिऱ्हाड आल्बनीला हलवावे लागले. ह्या शाळेचा प्रवेश-अर्जही पाहण्यासारखा होता. उमेदवाराची उंची किती, वजन किती, डोळ्यांचा रंग कोणता, केसांचा कोणता, असे प्रश्न त्यात असत आणि वर छायाचित्रही मागितले जाई. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेली मंडळीसुद्धा इतकी चौकशी करीत नसतील! मुलींना ह्या व्यवसायाचे दार उघडणाऱ्या ह्याच गृहस्थांच्या स्त्रियांशी वागणुकीबद्दल तक्रारी झाल्या. अमेरिकन ग्रंथालय संघाने 2019 साली आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

ही विद्या आपल्या देशात आली ती एका मराठी राजामुळे. 1909 ते 1911 ह्या काळातल्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांना घेऊन अजिंठ्यात पुन्हा नकला करीत होत्या. त्याच सुमारास, 1910 साली, विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास येऊन दाखल झाला. तो ड्यूईंच्या शाळेत शिकविलेला माणूस. त्याला बोलावून घेणारे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचे. 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला वाचायला पुस्तकच मिळाले नाही तर चार वर्षांत तो अक्षरे विसरणार, हा साधा हिशेब त्यांनी मांडला. आपला खासगी ग्रंथसंग्रह त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. बॉर्डनने 1911 मध्ये शिक्षणाचा वर्ग काढला. आपल्या देशातला हा बहुधा पहिलाच. तो 1913 मध्ये परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर ह्या मराठी गृहस्थांनी ते काम पुढे चालविले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ‘लायब्ररी मिसेलनी’ ह्या त्यांच्या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. बडोद्याच्या वर्गात पेटी भरण्यापासून यादी करण्यापर्यंत सगळे शिकवीत आणि त्यामागचा हेतू एकच असे, पुस्तक गावकऱ्याच्या हाती पडले पाहिजे.

दुसरा वर्ग निघाला लाहोरला, 1915 साली. तो चालविणारे आसा डॉन डिकिन्सन हेही ड्यूईंचेच शिष्य. पण हा वर्ग विद्यापीठाचा होता आणि विद्यापीठाच्या गरजा त्याच्यासमोर होत्या. म्हणजे अवघ्या चार वर्षांत ह्या विद्येला दोन वाटा फुटल्या. एक वाट गावाकडे जाणारी, दुसरी पंडिताच्या अभ्यासिकेकडे. आजही पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडणारा विद्यार्थी ह्याच फाट्यावर उभा असतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आता मुलाखतीची गोष्ट. 1924 साली मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. अर्ज आले सुमारे नऊशे. शिकलेला ग्रंथपाल त्यांत एकही नव्हता. शियाळी रामामृत रंगनाथन हे प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे अध्यापक; ग्रंथालयाविषयी त्यांना काहीच माहिती नव्हती. मुलाखतीपूर्वी त्यांनी विश्वकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचला आणि तेवढ्या शिदोरीवर नोकरी मिळविली! पण विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून आलेल्या ह्या माणसाला ग्रंथालयातली सामसूम सोसेना. काही दिवसांतच ते आपल्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत घ्या म्हणू लागले. लंडनला जाऊन शिकून या, तरीही कंटाळा आला तर पाहू, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1919 साली ग्रंथपालनाचे विद्यालय निघाले होते. तेथे त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू भेटले. वर्गात शिकून त्यांचे भागले नाही. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी फिरून पाहिली. एका दुकानात जोडाजोडीचे मेकॅनो खेळणे पाहताना, विषयांचे तुकडेही असेच जोडता येतील ही कल्पना त्यांना सुचली. त्यातूनच पुढे, 1933 साली, द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्या मुलाखतीत उमेदवाराला ग्रंथालयाविषयी काय येते एवढेच पाहिले असते, तर हा माणूस आपल्याला मिळाला नसता. मुलाखत घेणाऱ्यांनी हे आजही ध्यानात ठेवायला हरकत नाही.

रंगनाथनांच्या पुढाकाराने मद्रासला 1929 मध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. 1937 पर्यंत तो पदवीनंतरच्या पूर्ण वर्षाच्या पदविकेपर्यंत वाढला. 1947 मध्ये ते दिल्लीला गेले आणि तेथे पदव्युत्तर पदवीची घडी बसली. 1962 मध्ये बंगलोरला त्यांनी निराळेच केंद्र काढले. तेथील सारा भर शास्त्रज्ञाला आणि कारखान्याला लागणारी नेमकी माहिती शोधून देण्यावर.

आमचा मराठवाडा ह्या वेळी कोठे होता? 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया, आणि शिक्षण उर्दूतून. सभा भरवायची तर परवानगी काढावी लागे. त्यामुळे वाचनालय हेच चार माणसांनी एकत्र बसण्याचे ठिकाण झाले. तेथल्या पुस्तकांची जपणूक करणाऱ्याला वर्गीकरणाचे अंक येत नसतील, पण कोणत्या घरात कोण वाचतो हे त्याला तोंडपाठ असे. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले; पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेले आणि तेथल्या ग्रंथालयात रमलेले बाबासाहेब मराठवाड्यात महाविद्यालय काढतात, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षणही तेथे मिळू लागले. कायद्याच्या बाबतीत मात्र आपण मागे नव्हतो. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, हैदराबाद राज्याने 1955 मध्ये केला आणि महाराष्ट्राचा 1967 मध्ये झाला.

आज अजिंठा गावातल्या पदवीधर मुलीला निवड करायची तर शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ आहे; पुणे आहे, मुंबई आहे. मुंबईतच महिला विद्यापीठाचे 1961 पासूनचे विद्यालय आहे. घर सोडणे शक्य नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची सोय आहे. घरात चर्चा होते ती फी, वसतिगृह आणि नोकरी ह्यांची. ती व्हायलाच हवी. पोटापाण्याचा प्रश्न क्षुद्र मानणारे सल्लागार बहुधा पोटभर जेवलेले असतात. महाविद्यालयातली जागा मिळाली तर पगार चांगला, पण जागा थोड्या आणि पात्रता परीक्षेची अट. गावच्या सार्वजनिक वाचनालयाला सेवक हवा असतो, पण सरकारी अनुदानातून त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेत संसार चालत नाही. म्हणजे बडोद्याची वाट आपण शिकवितो, आणि त्या वाटेने जाणाऱ्याला उपाशी ठेवतो. हे दुखणे अभ्यासक्रम बदलून बरे होणारे नाही.

तरीही प्रवेश घेण्याआधी त्या मुलीने एक दिवस मोडून विभाग पाहून यावा. तालिकीकरणाचे प्रात्यक्षिक खऱ्या पुस्तकांवर होते की फळ्यावर? संगणकावर प्रत्येकाला किती तास मिळतात? विद्यार्थ्यांना एखाद्या सार्वजनिक वाचनालयात काम करायला पाठवितात का, की दोन्ही वर्षे चार भिंतींतच जातात? जुन्या पोथ्या आणि कागद राखण्याचे शिक्षण आहे का? आणि विभागाचे स्वतःचे ग्रंथालय दुपारी तीन वाजता उघडे असते का, हेही दाराशी जाऊन पाहावे. मुलाखतीत तिला विचारतीलच, ग्रंथपालच का व्हायचे आहे म्हणून. तिनेही मग विचारावे, गेल्या वर्षी येथून बाहेर पडलेली मुले आज कोठे काम करीत आहेत?