रिकाम्या हाताची गोष्ट

जवळपास एखादं नाणं असेल तर हातात घ्या. एक रुपयाचं नको, ते हल्ली फारच लहान झालं आहे. दहा रुपयांचं चालेल. ते तळहाताच्या मधोमध ठेवा आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, तो अगदी किंचित आत ओढा. हा उंचवटा आणि समोरची करंगळीखालची कड, या दोहोंच्या मध्ये नाण्याची धार अडकली पाहिजे. अडकली? मग हात हळूच पालथा करा. बहुतेकांचं नाणं इथेच खाली पडतं.

ज्याचं पडत नाही, त्याची खरी अडचण पुढे सुरू होते. नाणं धरलेला त्याचा हात लाकडासारखा ताठ दिसतो. बोटं आखडतात, अंगठा चिकटून बसतो, पाहणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी आहे. त्याच हाताने पाण्याचा पेला उचलता आला पाहिजे, टोपी सारखी करता आली पाहिजे, बोलता बोलता सहज हातवारे करता आले पाहिजेत. भरलेला हात रिकामा दिसला पाहिजे आणि रिकामा हात भरलेला. नाण्यांच्या हातचलाखीचं मर्म एवढंच आहे आणि ते अंगी बाणवायला वर्षं लागतात. गवयाच्या रियाजाबद्दल आपण आदराने बोलतो, तबलजीच्या बोटांचं कौतुक करतो. गारुड्याचाही रियाज असतो, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

तळहातात नाणं कसं लपवावं याचं इंग्रजीतलं अगदी सुरुवातीचं वर्णन छापलं गेलं ते १५८४ साली. ज्या पुस्तकात ते आहे, ते पुस्तक जादू शिकवण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. रेजिनाल्ड स्कॉट हा केंट परगण्यातला एक साधा जमीनदार. त्याच्या काळात इंग्लंडात चेटकिणी म्हणून बायकांवर खटले भरले जात होते. १५८२ साली एसेक्समधल्या सेंट ओसिथ इथल्या प्रकरणात दोन बायकांना फाशी दिलं गेलं. या बहुतेक म्हाताऱ्या, गरीब, शेजाऱ्यांशी भांडण झालेल्या बायका. स्कॉटने ठरवलं की या साऱ्या खुळाचा समाचार घ्यायचा. ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हे त्याचं पुस्तक म्हणजे एका चिडलेल्या, पण डोकं शाबूत असलेल्या माणसाचं लेखन आहे.

त्या जाडजूड ग्रंथात मध्येच काही प्रकरणं हातचलाखीवर आहेत. डोळ्यांदेखत नाणं नाहीसं होतं ते कोणत्याही सैतानामुळे नाही, हे दाखवायचं तर नाणं जातं कुठे हे सांगायलाच हवं. म्हणून स्कॉट सांगतो की नाणं ठेवण्याची मुख्य जागा म्हणजे तळहात, मध्यम आकाराचं नाणं त्याला उत्तम, सराव झाला की कोणतंही चालतं आणि अगदीच लहान असेल तर ते बोटांच्या टोकांजवळ धरावं. सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजच्या शिकाऊ जादूगारालाही पहिला धडा हाच दिला जातो.

पण मला स्कॉट आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. ही गुपितं उघडी करताना तो थबकतो आणि म्हणतो की हे माझ्यावर येऊन पडलं याचं मला वाईट वाटतं, कारण या कलेवर पोट भरणाऱ्या गरीब माणसांचं यात नुकसान आहे. देवाच्या नावाचा गैरवापर न करता ते लोकांचं मन रिझवत असतील, तर त्यांचं काम खपवून घेण्यापुरतंच नव्हे, तर वाखाणण्याजोगं आहे, असंही तो सांगतो. बायकांचे जीव वाचवायला निघालेल्या माणसाला रस्त्यावरच्या जादूगाराच्या भाकरीचीही काळजी वाटली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे त्याची गरज लागणार आहे.

महाराष्ट्रात हे काम आपण पाहिलेलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव, शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवत आणि मग ते कसे केले हे समजावून सांगत आले. रिकाम्या मुठीतून अंगारा काढणं काय आणि रुपया काढणं काय, हाताचं काम सारखंच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. लपवलेलं नाणं उघड करणं हा नेहमीच निरुपद्रवी खेळ असतो असं नाही.

आता याच नाण्याचा दुसरा उपयोग पाहू. फ्रान्समधल्या ब्लवा गावी १८०५ साली जन्मलेला रॉबेर-हुदँ हा पेशाने घड्याळजी. पुढे पॅरिसमध्ये त्याने स्वतःचं नाट्यगृह काढलं आणि तो त्या काळातला सर्वात नावाजलेला जादूगार झाला. अमेरिकेतल्या हुदिनीने आपलं नाव घेतलं ते याच्याच नावावरून. आपल्या आठवणींत त्याने लिहिलं आहे की रस्त्याने चालताना आपला हात कोटाच्या खिशात असे आणि तिथे कुणाला न दिसता सराव चालू असे. रियाजाची ही जागा मला मोठी गमतीची वाटते. तंबोरा नाही, बैठक नाही, नुसता खिसा.

१८५६ साली फ्रेंच सरकारने याच माणसाला अल्जीरियाला पाठवलं. फ्रेंचांनी १८३० पासून तो मुलूख बळकावायला घेतला होता आणि लोक पुन्हापुन्हा उठत होते. या उठावांमागे मराबूत म्हणजे तिथले फकीर-दरवेश आहेत, त्यांच्या करामतींवर लोकांचा विश्वास आहे, तेव्हा आपला जादूगार त्यांच्यापेक्षा मोठा आहे हे दाखवून द्यावं, असा सरकारी हिशेब. अल्जीयर्सच्या नाट्यगृहात टोळीप्रमुखांना बसवून हुदँने टोपीतून तोफगोळे काढले आणि आपल्या हातातली पाच फ्रँकची नाणी अदृश्य करून बंद स्फटिकाच्या पेटीत पोहोचवली. नंतर, तो म्हणतो, दुभाष्यांकरवी सगळ्यांना सांगण्यात आलं की ही निव्वळ हातचलाखी आहे. समोर बसलेले अरब थरारून गेले, भ्याले, नमले, हे सगळं वर्णन हुदँचं स्वतःचं आहे, हे विसरू नये. जादूगाराने सांगितलेली प्रेक्षकांची प्रतिक्रिया जपूनच घ्यावी. एवढं मात्र नक्की की साम्राज्याने आपल्या दारूगोळ्यात हातचलाखीही जमा करून घेतली होती.

हुदँने १८६८ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला. १८७६ साली ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुईस नावाच्या इंग्रज बॅरिस्टराने ‘मॉडर्न मॅजिक’ काढलं आणि मग दार सताड उघडलं. आपल्याकडे जी विद्या बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते, ती तिकडे छापील पानावरून कुणाच्याही हातात जाऊ लागली. व्यावसायिक जादूगार भडकले. गुपितच राहिलं नाही तर धंदा कसला, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं ठरलं.

ते कसं खोटं ठरलं, याचं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सापडतं. थॉमस नेल्सन डाऊन्स तिथे १८६७ साली जन्मला. मार्शलटाऊन नावाच्या लहानशा गावात तो रेल्वेचा तारमास्तर होता. तारमास्तराचं काम म्हणजे कडकट्ट आणि पुढचा संदेश येईपर्यंत वाट पाहणं. त्या रिकाम्या वेळात हा तरुण अर्ध्या डॉलरच्या चांदीच्या नाण्यांशी खेळत बसे. गुरू कुणी नाही. दिवसभर तारयंत्रावर चालणारी बोटं आणि समोर नाणी, एवढंच भांडवल. ते नाणं सुमारे तीस मिलिमीटर व्यासाचं आणि खाचेदार कडेचं, म्हणजे हातात धरायला अगदी सोयीचं. आपला जुना चांदीचा कलदार रुपया साधारण तेवढाच होता, ही गोष्ट मनात असू द्या.

डाऊन्सच्या हातात तळव्याबरोबर हाताची पाठही कामाला लागली. नाणं बोटांच्या मागे चिमटीत धरायचं, म्हणजे तळवा उघडा आणि स्वच्छ दिसतो. हात वळवताना ते बोटांवरून पुढे आणायचं, म्हणजे पाठही रिकामी दिसते. एका नाण्याने हे करणं कठीण आहे, डाऊन्स ते अनेक नाण्यांनी करी. १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरने त्याला थोड्या दिवसांसाठी बोलावलं आणि तो कित्येक महिने तिथे गाजत राहिला. त्याच्या खेळाचं नाव होतं ‘कंजुषाचं स्वप्न’. प्रेक्षकाची उंच टोपी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने हवेतून एक नाणं खुडायचं आणि टोपीत टाकायचं. खण्ण. पुन्हा हवेतून, पुन्हा खण्ण. कधी कुणाच्या दाढीतून, कधी गुडघ्याजवळून. टोपी भरत जाते.

यातली मेख हॉफमनच्या पुस्तकात छापलेली होतीच, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. टोपी धरलेल्या डाव्या हातात नाण्यांची चळत आधीपासून असते आणि आतमध्ये पडणारं नाणं त्या चळतीतलं असतं. उजव्या हातातलं नाणं टोपीत पडतच नाही, तेच ते पुन्हा हवेतून निघतं. डोळ्याला जे दिसतं त्यावर शिक्कामोर्तब करतो तो कान. आवाज आला म्हणजे वस्तू पडली, असं मन मानून टाकतं. आम्ही कवी मंडळी यमकाच्या जोरावर थोडंफार असंच करत असतो. तर मेख छापून येऊन तेवीस वर्षं झाली होती आणि तरीही लंडनकर तिकीट काढून डाऊन्सला पाहायला जात होते. १९०० साली त्याने नाण्यांच्या हातचलाखीवर स्वतःचं पुस्तकही काढलं. १९१२ साली तो निवृत्त होऊन मार्शलटाऊनला परतला आणि १९३८ साली तिथेच वारला. १९५२ साली अमेरिकेतल्याच जे. बी. बोबोने ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ हा ग्रंथ काढला. जगभरची मुलं पुढे त्यावरूनच शिकली.

हे सगळं वाचताना मला आमच्या गावचा आठवडे बाजार आठवत राहिला. तिथे मदारी यायचा. डमरू, मळकी झोळी, लाकडी वाट्या, कापडाच्या गोळ्या आणि सात-आठ वर्षांचा एक जमुरा. लहान मुलाच्या तळहातात मोठा रुपया मावत नाही, कापडाची गोळी मावते. त्याची शाळा तिथून सुरू. मदाऱ्याकडे दोन-तीन राजाछाप रुपये होते. एका पोराच्या कानातून रुपया, दुसऱ्याच्या नाकातून, एका म्हाताऱ्याच्या पागोट्यातून. ज्याच्या कानातून निघाला तो पोरगा पुढे आठवडाभर कानात काडी घालत होता. ना पडदा, ना दिव्यांची करामत. चहूबाजूंनी माणसं, काही तर पाठीमागे बसलेली. डाऊन्सचे प्रेक्षक निदान एकाच बाजूला असायचे. जादूच्या जाणकाराला विचारा, यातलं अवघड कोणतं.

खेळ संपला की जमुरा चादर पसरायचा. एकदा एका मुलाने विचारलंच की तुम्ही हवेतून रुपये काढता, मग आमच्याकडे पाच पैसे कशाला मागता? मदारी हसून म्हणाला, “बेटा, वो रुपया खेल का है, ये आटे का.”

कायद्याला ही चादर तेवढी दिसली. १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कोणत्याही ‘मिषाने’ सार्वजनिक जागी भिक्षा घेणं येतं. मिषाने, म्हणजे निमित्त करून. वर्षानुवर्षांच्या रियाजाला कायद्याने निमित्त म्हटलं. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. नाट्यगृहात तिकीट लावून टोपीत नाणी टाकली तर कलाकार, चौकात चादर टाकून त्याच युक्तीने डब्यात टाकली तर भिकारी. चारशे वर्षांपूर्वी केंटमधल्या जमीनदाराने या माणसांबद्दल जे लिहून ठेवलं, ते आमच्या कायदेमंडळाला सुचलं नाही.

पुढे हा कायदा दिल्लीलाही लागू झाला. दिल्लीत शादीपूरजवळ कठपुतली कॉलनी नावाची वस्ती होती. बाहुलीवाले, डोंबारी, जादूगार अशी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर खेळ करणारी कुटुंबं तिथे राहत. तिथले मदारी बहुतेक मुसलमान. त्यातले काही परदेशातल्या महोत्सवांत खेळ करून येत आणि घरी परतल्यावर चौकात खेळ लावायला कचरत. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता होता. कठपुतली कॉलनीवर बुलडोझर चालायला सुरुवात झाली होती ती त्याच्या नऊ महिने आधी, ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस.