दुष्काळात तेरावा महिना

२०२३च्या अधिक श्रावणात जावई धोंड्याच्या जेवणाला आले. त्याच सकाळी अनारसे तुपात हसले आणि गॅसही संपला. दुसरे सिलिंडर लावले तर वायसर गळका. सौ. म्हणाली, "दुष्काळात तेरावा महिना!" जावई इंजिनिअर. ते म्हणाले, "हा मर्फीचा नियम."

हा एडवर्ड मर्फी अमेरिकी हवाई दलातला. १९४९ साली रॉकेटवर धावणाऱ्या गाडीच्या चाचणीत मोजमापाची उपकरणे उलटी जोडली गेली, तेव्हा तो वैतागून काहीतरी बोलला. त्याचा पुढे नियम झाला : जे बिघडू शकते ते बिघडतेच.

आपल्या म्हणीमागे मात्र पंचांगाचे गणित आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. तो फरक भरून काढायला १९ वर्षांत ७ अधिक मास घालावे लागतात. म्हणजे दर तीन दुष्काळांत एखादा तरी तेराव्या महिन्याचा निघायचाच. १९७२ला वैशाख अधिक होता, २०१२ला भाद्रपद, २०१५ला आषाढ, २०१८ला ज्येष्ठ. चारही वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ! पण १९८७ आणि २००२ही कोरडीच गेली, आणि त्या वर्षांत अधिक मास नव्हता. ते कोण लक्षात ठेवतो? चुकलेली गाडी आठवते, मिळालेली नाही. (मी मास्तर, त्यामुळे दोन्ही बाजूंचे गुण मोजायची खोड.)

बहात्तर मला चांगले आठवते. नुकता बी.ए. झालो होतो. पाऊस दडला आणि मी पदवी घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. घरात लाल मिलोच्या भाकरी. वडील रोज तीच म्हण म्हणत : खाणारी तोंडे तेवढीच, महिने तेरा.

आमच्याकडे एक सालदार होते, त्यांना आम्ही मुले आबा म्हणायचो. आमच्या भागात सालदाराचे साल आखाजी ते आखाजी. त्या वर्षी वैशाख दोन आले, आणि आखाजी दुसऱ्या वैशाखात, म्हणजे महिनाभर पुढे गेली. सालाचे पैसे आणि धान्य आधीच ठरलेले. त्या महिन्यात आबांनी भर उन्हात बांध घातले, बैलांना पाणी पाजले, अंगणात झोपले. वडील काही वाईट नव्हते. साल म्हणजे साल, एवढाच त्यांचा हिशोब.

आखाजीला आबा पुढच्या सालाचे बोलायला आले. वडिलांनी नेहमीप्रमाणे म्हण ऐकवली. आबा टोपी काढून हसले. "भाऊ, तो महिना तुमच्याकडं पाहुणा आला होता. माझ्याकडं तो कामाला आला."

वडिलांनी आईला हाक मारून त्यांना चहा द्यायला सांगितले. वरच्या महिन्याचे धान्य दिले की नाही, ते मी तेव्हा विचारले नाही. आज सांगायला दोघेही नाहीत.