मुखवट्यामागचा गोलरक्षक

आइस हॉकीचे गोलरक्षक एकेकाळी उघड्या तोंडाने उभे राहायचे, हे आज खरं वाटणार नाही. मॉन्ट्रियलचा झाक प्लांत सरावात मुखवटा घालत असे. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची त्याला ना होती. मुखवट्याने नजर अडते, आणि घालणारा भित्रा, असा तेव्हाचा समज!

१ नोव्हेंबर १९५९ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका थेट त्याच्या तोंडावर बसला. टाके घातल्यावर प्लांतने बजावलं, मुखवट्याशिवाय उतरणार नाही. राखीव गोलरक्षक संघाकडे नव्हताच हो, ब्लेक करणार काय? मॉन्ट्रियल ३-१ने जिंकलं.

१९६५मध्ये निवृत्त झालेला हा गडी १९६८मध्ये सेंट लुईसकडून परतला. १९७०च्या अंतिम फेरीत रबरी चकतीने त्याचा मुखवटाच फोडला. प्लांत बेशुद्ध पडला, पण वाचला. वय होतं ४१.